क्षीण संकेताचा शोध

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे क्षयरोगाच्या जंतूचा शोध जाहीर केला. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे या रोगाच्या निदानाची सर्वत्र रूढ असलेली रीत मूलतः एकच होती. रुग्णाची थुंकी काचपट्टीवर पसरावयाची, तिला विशिष्ट रंग द्यावयाचा आणि सूक्ष्मदर्शकातून लाल काड्यांसारखे दिसणारे जंतू शोधावयाचे. ही रीत स्वस्त आहे, साधी आहे आणि तिने असंख्य रुग्णांचे प्राण वाचविले आहेत. तथापि तिची एक मर्यादा आहे. एक मिलिलिटर थुंकीत साधारणतः ५,००० ते १०,००० जंतू असतील, तरच ते तपासनिसाच्या दृष्टीस पडण्याची खात्री देता येते. ज्याच्या थुंकीत हजारच जंतू आहेत, त्याच्या कागदावर बहुधा ‘जंतू आढळले नाहीत’ असा शेरा पडतो.

हा शेरा खोटा नसतो. परंतु रुग्ण त्याचा अर्थ ‘रोग नाही’ असा लावतो, घरी परततो आणि खोकत राहतो. जंतूंची संख्या वाढून ते दिसू लागेपर्यंत काही आठवडे किंवा महिने जातात. तोवर रोग त्याच्या फुफ्फुसात पसरतो आणि कदाचित घरातील इतरांनाही गाठतो. ‘आढळले नाही’ आणि ‘नाही’ या दोहोंतील अंतर असे जीवघेणे असू शकते. हे अंतर कमी करणे, म्हणजेच अत्यंत क्षीण खूणही ओळखता येईल असे साधन घडविणे, हा प्रस्तुत प्रकरणाचा विषय आहे.

जैवसंवेदक म्हणजे काय?

जैवसंवेदकाचे दोन भाग असतात. पहिला भाग ओळखण्याचे काम करतो. एखादे प्रतिपिंड, एखादे विकर किंवा डीएनएचा एखादा तुकडा हा रक्तातील वा थुंकीतील नेमका हवा तोच पदार्थ पकडतो. दुसरा भाग या पकडण्याचे रूपांतर आपणांस मोजता येईल अशा गोष्टीत करतो. उदाहरणार्थ, विद्युत्प्रवाहात, प्रकाशात किंवा रंगात. लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी १९६२ मध्ये विद्युत् अग्रावर विकराचा थर बसवून ग्लुकोज मोजण्याची कल्पना मांडली. आज घरोघरी मधुमेही ज्या यंत्रावर रक्तातील साखर तपासतात, त्याचे मूळ या कल्पनेत आहे.

असा संवेदक केसाएवढ्या किंवा त्याच्या काही पट रुंदीच्या नलिकांमध्ये बसविला आणि तपासावयाचा द्रव त्या नलिकांतून खेळविला, म्हणजे त्यास सूक्ष्मप्रवाही जैवसंवेदक म्हणतात. काच, प्लास्टिक किंवा कागद यांच्या टपाल तिकिटाएवढ्या तुकड्यावर अशी संपूर्ण प्रयोगशाळा मावू शकते. रक्ताचा एखादा थेंब तिला पुरतो. मोठ्या रुग्णालयापासून दूर असलेल्या गावी ती नेता येते. हे सर्व लाभ खरेच आहेत. परंतु याच लहानपणातून एक अडचण जन्मास येते.

ही अडचण आकड्यांनी अधिक स्पष्ट होईल. रोगाच्या आरंभीच्या काळात रक्तातील काही खुणेची प्रथिने एक फेम्टोमोलर इतक्या अल्प प्रमाणात असू शकतात. अशा रक्तद्रवाचा एक मायक्रोलिटर, म्हणजे थेंबाचा सुमारे पन्नासावा हिस्सा, आपण घेतला तर त्यात त्या प्रथिनाचे सुमारे ६०० रेणू मिळतील. त्याच मायक्रोलिटरमध्ये अल्ब्युमिन या सामान्य प्रथिनाचे सुमारे साडेतीन कोटी कोटी रेणू असतात. या अफाट गर्दीतून सहाशे जणांना नावाने हाक मारून बाहेर काढावयाचे आहे. त्यांचा आवाज क्षीण असणार, हे सांगावयास नको.

संकेत आणि गोंगाट

मोठ्या जंक्शनच्या फलाटावर आपण उभे आहोत, अशी कल्पना करू. आपली गाडी कोणत्या फलाटावर येणार, याची घोषणा ध्वनिक्षेपकावरून होत आहे, पण खरखरीमुळे ती कळत नाही. कोणी ध्वनिक्षेपकाचा आवाज दुप्पट केला, तर घोषणा दुप्पट मोठी होईल. पण खरखरही दुप्पट होईल आणि आपण होतो तेथेच राहू. घोषणा कळावयास हवी असेल, तर ती खरखरीच्या तुलनेत मोठी झाली पाहिजे.

जैवसंवेदकाचेही असेच आहे. रोगाची खूण मुळीच नसलेला नमुना घातला, तरी यंत्र काही ना काही आकडा दाखवितेच. असे कोरे नमुने वीस वेळा तपासले तर वीस थोडे वेगवेगळे आकडे येतात. या आकड्यांचे हेलकावे म्हणजेच गोंगाट होय. कोऱ्या नमुन्यांच्या सरासरीत त्यांच्या प्रमाण विचलनाची तिप्पट मिळविली असता जी रेषा मिळते, ती यंत्राची शोधमर्यादा समजण्याचा प्रघात आहे. तिच्यावरील आकडाच संकेत म्हणून विश्वासार्ह मानावयाचा.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, संवेदक सुधारण्याचे दोन मार्ग आहेत: खरा संकेत वाढविणे आणि गोंगाट कमी करणे. दुसरी अशी की, जे वर्धन दोघांनाही सारखेच वाढविते, ते निरुपयोगी आहे. संशोधकांचे पुष्कळसे श्रम पहिल्या मार्गाने गेले. परंतु टिकाऊ यश अनेकदा दुसऱ्या मार्गाने आले आहे. नमुन्याच्या प्रवासाच्या क्रमाने आता हे पाहू.

रेणूला दारापर्यंत आणणे

पकडणारे प्रतिपिंड कितीही उत्तम असले, तरी रेणू त्याच्यापर्यंत पोहोचला नाही तर ते काय करणार? द्रवातील रेणू अखंड इकडेतिकडे ढकलले जात असतात आणि या दिशाहीन भटकंतीतूनच ते हळूहळू पसरतात. या क्रियेस विसरण म्हणतात. भटकणाऱ्याला दुप्पट अंतर कापावयास चौपट वेळ लागतो. प्रतिपिंडाएवढ्या आकाराच्या प्रथिनास पाण्यात एक दशांश मिलिमीटर सरकावयास सुमारे दोन मिनिटे लागतात. एक मिलिमीटरला साडेतीन तास, आणि एक सेंटिमीटरला जवळजवळ दोन आठवडे. अरुंद नलिकेचा मोठा लाभ येथेच आहे: तीत कोणताही रेणू भिंतीपासून फार दूर नसतो.

मात्र अरुंद नलिकेत द्रव ढवळला जात नाही. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये दाखवून दिले की, प्रवाह संथ आणि नलिका बारीक असली म्हणजे द्रव एकमेकांत न मिसळता थराथरांनी वाहतो. त्यामुळे संवेदकाच्या पृष्ठभागालगतचे रेणू पकडले गेले की तेथे एक रिकामा थर तयार होतो आणि वरच्या थरांतील रेणू तसेच पुढे वाहून जातात. प्रवाहाचा वेग वाढविला तर हा रिकामा थर पातळ होतो. पण लाभ अपेक्षेहून कमी मिळतो. वेग आठपट केला तर पकडण्याची गती केवळ दुप्पट होते. म्हणजे आठपट नमुना खर्ची पडतो आणि त्यातील प्रत्येक रेणूच्या पकडले जाण्याची शक्यता पूर्वीच्या एकचतुर्थांशावर येते. नमुना मुबलक असेल तर वेग परवडतो. बोटाच्या टोकावरील एकच थेंब हाती असेल, तर संथपणाच बरा.

यावर एक सुंदर उपाय २००२ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी प्रसिद्ध केला. त्यांनी नलिकेच्या तळाशी माशाच्या काट्यासारखे तिरपे खाचे कोरले. वाहता द्रव या खाचांमुळे मुरडला जातो, त्याच्या घड्यांवर घड्या पडतात आणि वरचे थर पुनःपुन्हा तळाशी येतात. दुसरा उपाय असा: भिंतीवर बसून वाट पाहण्याऐवजी प्रतिपिंडे चुंबकीय मण्यांवर बसवावयाची आणि ते मणी नमुन्यात सोडावयाचे. रेणूंना दारापर्यंत यावे लागत नाही. दारच त्यांच्याकडे जाते. नंतर चुंबकाने सर्व मणी एका जागी गोळा करता येतात. तथापि, एकदा भेट झाल्यावर प्रतिपिंड आणि रेणू यांचे बंधनच सावकाश होत असेल, तर ढवळण्याने काही साधत नाही. तेथे अधिक चांगले प्रतिपिंड शोधावे लागते.

आगंतुकांना बाहेर ठेवणे

रक्तातील असंख्य प्रथिनांपैकी काही, त्यांचा कोणताही संबंध नसताना, संवेदकाच्या पृष्ठभागास चिकटून बसतात. यंत्राला खरा पाहुणा कोण आणि आगंतुक कोण हे कळत नाही. व्यवहारात गोंगाटाचा फार मोठा हिस्सा येथूनच येतो. म्हणून मोकळी राहिलेली जागा निरुपद्रवी प्रथिनाने आधीच भरून टाकतात किंवा पाण्याला घट्ट धरून ठेवणाऱ्या पॉलिएथिलीन ग्लायकॉलसारख्या लांब साखळ्यांच्या रेणूंचे आवरण तिच्यावर चढवितात. त्यानंतर स्वच्छ द्रावणाने पृष्ठभाग धुतात. सैलपणे चिकटलेले आगंतुक वाहून जातात आणि घट्ट बांधलेले खरे रेणू राहतात. धुणे हे काम क्षुल्लक वाटते, परंतु पुष्कळदा संवेदकाची गुणवत्ता त्यावरच ठरते.

आणखी कडक पहारा हवा असेल, तर दोन प्रतिपिंडे योजतात. बँकेतील लॉकर ग्राहकाची आणि बँकेची अशा दोन किल्ल्यांवाचून उघडत नाही. तसेच येथे पहिले प्रतिपिंड रेणूला एका बाजूने धरते आणि संकेत देणारे दुसरे प्रतिपिंड दुसऱ्या बाजूने. दोघांनीही ओळख पटविली तरच संकेत मिळावा, अशी ही योजना आहे.

गोंगाटाचे मूळच बंद करण्याचे एक उत्तम उदाहरण साखर मोजण्याच्या पट्टीत सापडते. आरंभीच्या संवेदकांत विकराच्या क्रियेतून निर्माण होणारे हायड्रोजन पेरॉक्साइड मोजीत असत. त्यासाठी विद्युत् अग्रावर सुमारे ०.६ व्होल्ट इतका दाब द्यावा लागे. त्या दाबास रक्तातील क जीवनसत्त्व, यूरिक आम्ल आणि रुग्णाने घेतलेले पॅरासिटामॉल हेही इलेक्ट्रॉन देऊ लागत आणि साखरेचा आकडा फुगत असे. १९८४ मध्ये ऑक्सफर्ड व क्रॅनफील्ड येथील संशोधकांनी फेरोसीनच्या एका संयुगास मध्यस्थ नेमले. तो विकराकडून इलेक्ट्रॉन घेऊन पुष्कळ कमी दाबास ते अग्राला देतो. त्यामुळे इतर पदार्थांचा हस्तक्षेप बराच घटला. येथे संकेत मोठा करण्यापेक्षा खोटे बोलणाऱ्यांना बोलण्याची संधीच नाकारली गेली.

योग्य जागी वर्धन

आता वर्धनाकडे वळू. वर्धन केव्हा उपयोगी पडते? ते केवळ खऱ्या रेणूचेच होत असेल तेव्हा. कॅरी म्युलिस यांनी १९८३ मध्ये शोधलेल्या आणि १९९३ मध्ये त्यांस नोबेल पारितोषिक मिळवून देणाऱ्या पीसीआर या प्रक्रियेचे सामर्थ्य हेच आहे. तीत दोन लहान डीएनए तुकडे केवळ हव्या त्या आनुवंशिक मजकुराच्या दोन टोकांना जाऊन बसतात आणि प्रत्येक फेरीत तेवढ्याच मजकुराच्या प्रती दुप्पट होतात. प्रत्येक फेरी पूर्ण साधली, तर तीस फेऱ्यांत एकाचे सुमारे शंभर कोटी होतात. भोवतालच्या इतर डीएनएची संख्या मात्र जवळजवळ होती तेवढीच राहते. फलाटावरील उदाहरणात सांगावयाचे तर, येथे घोषणाच शंभर कोटी पट मोठी झाली आणि खरखर तशीच राहिली.

या तत्त्वाचा भारतातील एक उल्लेखनीय आविष्कार म्हणजे ‘ट्रूनॅट’ ही चाचणी. बंगळूरच्या बिगटेक प्रयोगशाळेच्या संशोधनातून ती घडली आणि गोव्यातील मोलबायो डायग्नोस्टिक्स या संस्थेने ती प्रचारात आणली. तिचे यंत्र लहान असून विजेरीवर चालते आणि प्रत्यक्ष प्रक्रिया एकदाच वापरावयाच्या लहानशा चिपवर होते. क्षयरोगाच्या आरंभिक निदानासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये तिची शिफारस केली. या चाचणीत चिपवर केवळ सुमारे ६ मायक्रोलिटर द्रव घालतात. परंतु तत्पूर्वी एका वेगळ्या उपकरणात थुंकी पातळ करून, जंतू फोडून, त्यांचा डीएनए वेगळा आणि शुद्ध केलेला असतो. म्हणजे जंतूंची खूण थुंकीतून गोळा करून आधी थोड्या द्रवात आणली जाते, आणि मगच ती वाढविली जाते.

तथापि वर्धनाचा हा पहारेकरीही चुकू शकतो. मागील चाचणीतील प्रतींचा अल्पसा अंश जरी नव्या नमुन्यात शिरला, तरी त्याचेही शंभर कोटी होतील आणि निरोगी माणसावर, सहसा सहा महिने चालणाऱ्या क्षयाच्या औषधोपचाराची वेळ येईल. वर्धन जितके मोठे, तितकी स्वच्छतेची जबाबदारी मोठी.

मोजणाऱ्या यंत्राचा गोंगाट

नमुना निर्मळ झाला तरी यंत्राचा स्वतःचा गोंगाट उरतोच. काही संवेदक पृष्ठभागावर रेणू बसल्याने प्रकाशाच्या अपवर्तनांकात होणारा बदल मोजतात. पाण्याचा अपवर्तनांक तापमान एक अंशाने बदलले असता सुमारे एक दशसहस्रांशाने बदलतो. ज्या यंत्राला एक दशलक्षांश इतका फरक कळावयास हवा, त्याला अंशाच्या शंभराव्या भागाएवढा तापमानबदलही खरा संकेत वाटू शकतो. यावर उपाय म्हणून शेजारीच दुसरी, अगदी तशीच नलिका ठेवतात. तिच्यात पकडणारे प्रतिपिंड मात्र नसते. तापमानाचा परिणाम दोन्ही नलिकांवर सारखाच होतो, म्हणून एकीच्या आकड्यातून दुसरीचा वजा केला की तो नाहीसा होतो.

दुसरी युक्ती अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट डिकी यांच्या कार्यातून आली. क्षीण रेडिओलहरी मोजताना, ज्ञात स्रोत आणि आकाश यांच्यामध्ये यंत्राची आळीपाळीने नियमित अदलाबदल करावयाची आणि त्याच तालात बदलणारा भाग तेवढाच वेचावयाचा, ही पद्धती त्यांनी १९४६ मध्ये प्रसिद्ध केली. संवेदकातही प्रकाश किंवा विद्युद्दाब ठरलेल्या तालात कमीजास्त करतात. गोंगाटाला ताल नसतो. म्हणून जे तालात बोलते, ते संकेताचे, असे समजता येते.

तिसरी युक्ती पुनःपुन्हा मोजण्याची. शंभर वेळा मोजून सरासरी काढली तर हेलकावे दहाव्या हिश्श्यावर येतात. परंतु हा नियम दिशाहीन हेलकाव्यांनाच लागू आहे. यंत्र सावकाश एकाच बाजूस सरकत असेल, तर हजार वेळा मोजूनही चूक तशीच राहील. ती फक्त अधिक आत्मविश्वासाने केली जाईल.

मोजण्याऐवजी गणना

अलीकडील काळातील सर्वांत मूलगामी सुधारणा म्हणजे, संकेत किती मोठा हे विचारावयाचे सोडून, रेणू किती हे एकेक करून मोजणे. अमेरिकेतील डेव्हिड वॉल्ट आणि त्यांचे सहकारी यांनी २०१० मध्ये अशी पद्धती प्रसिद्ध केली. रेणू पकडलेला प्रत्येक मणी सुमारे ५० फेम्टोलिटरच्या स्वतंत्र कुपीत बसवितात. एक फेम्टोलिटर म्हणजे एक मायक्रॉन बाजू असलेला घन. रेणूसोबतचे विकर त्या इवल्याशा कुपीत चमकणारा पदार्थ तयार करू लागते. तोच पदार्थ नेहमीच्या १०० मायक्रोलिटरच्या वाटीत पसरला असता, तर दोनशे कोटी पट विरळ होऊन दिसेनासा झाला असता. कुपीत तो कोंडला जातो आणि कुपी उजळते. मग कुपी किती उजळली हे पाहावयाचेच नाही. उजळली की नाही, एवढेच पाहावयाचे. प्रकाशाच्या तीव्रतेतील हेलकावे त्यामुळे निरर्थक ठरतात.

जी मर्यादा ओलांडता येत नाही

तथापि गणनेलाही निसर्गाने एक मर्यादा घातली आहे. आपल्या फेम्टोमोलर द्रावणाचा हजारपट विरळ नमुना घेतला तर एका मायक्रोलिटरमध्ये सरासरी ०.६ रेणू येतील. म्हणजे जवळजवळ निम्म्याहून अधिक थेंबांत एकही रेणू नसेल. अशा थेंबावर जगातील सर्वोत्तम संवेदकही ‘आढळले नाही’ असेच सांगेल, आणि ते सत्यच असेल. येथे यंत्र सुधारून उपयोग नाही. अधिक नमुना घ्यावयास हवा आणि त्यातील रेणू एकत्र आणावयास हवेत. थुंकीच्या तपासणीत लाळेऐवजी छातीतून आलेला बेडका द्यावा, असे परिचारिका रुग्णाला बजावून सांगते. तेही याच तत्त्वाचे पालन होय. संकेत सुधारण्याची सुरुवात चिपवर होत नाही, ती त्या छोट्या डबीपाशीच होते.

म्हणून कोणत्याही नव्या संवेदकाची स्तुती ऐकताना सुजाण वाचकाने तीन प्रश्न विचारावेत. कोऱ्या नमुन्यावर तो किती हेलकावतो? शुद्ध द्रावणात नव्हे, तर प्रत्यक्ष रक्तात वा थुंकीत त्याची शोधमर्यादा काय आहे? आणि किती नमुन्यावर तो हे सांगतो? या तिन्हींची उत्तरे मिळाली, तरच ‘आढळले नाही’ या शब्दांचे खरे मोल कळते. आपणांस कोठपर्यंत ऐकू येते, हे जे यंत्र प्रामाणिकपणे सांगते, त्याच्याच मौनावर विश्वास ठेवता येतो.